थकवा जातच नाहीये... झाडाखाली बसून बरं वाटलेल्या कुणी आहात का इथे?

सावली_बोरिवली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

वय ४३, नोकरी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल), घर बोरिवली पूर्वेला. घरात नवरा, आत्ताच दहावी झालेला मुलगा आणि गुडघ्यांनी हैराण झालेल्या सासूबाई. इथल्या निम्म्या बायकांचं असतं तेच सगळं. डिसेंबरात एके दिवशी वांद्र्याला उतरले, बीकेसीच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहिले आणि माझा नंबर आला की मागच्या बाईला सांगायचे, तुम्ही जा. परत नंबर आला की परत तेच. ऑफिसमधून फोन आला तेव्हा कळलं की पाऊण तास झालाय. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता, नुसता त्या रिक्षात चढायला पाय उचलत नव्हता.

त्याआधीचं वर्ष दीड वर्ष आठवलं तर सगळं होतंच. पहाटे तीनला टक्क जाग, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला व्हायचं, एटीएमचा पिन विसरले, मुलाने शाळेतलं काही सांगितलं की कानावर पडायचं पण आत जायचं नाही. ज्या कामाचा एके काळी अभिमान होता त्या कामाबद्दल काहीच वाटेनासं झालं. समुपदेशकांकडे गेले, त्यांनी बर्नआऊट हा शब्द वापरला आणि जानेवारीत सहा आठवडे बिनपगारी सुट्टी घ्यायला लावली. सोबत एक गोष्ट सांगितली, रोज अर्धा तास झाडं असतील अशा ठिकाणी जायचं, फोन न घेता.

नॅशनल पार्क माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. चौदा वर्षं बोरिवलीत राहतेय आणि तिथे गेले ते फक्त पाहुण्यांना कान्हेरी दाखवायला. आता रोज जायला लागले. आणि खरं सांगते, पहिला आठवडा काही म्हणजे काही बरं वाटलं नाही, कारण मी त्याचंही कामच करून टाकलं होतं. फोन घेऊनच जायचे, स्टेप्स मोजायचे, फुलांचे फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचे, निघताना सासूबाई म्हणायच्या जातेच आहेस तर येताना कोथिंबीर आण, मग पूर्ण अर्धा तास डोक्यात तीच कोथिंबीर आणि दुधाच्या पिशव्या आणि आल्यावर कणिक मळायचीय. पाय जंगलात, डोकं ओट्यापाशी.

अकराव्या की बाराव्या दिवशी फोन चुकून घरी राहिला. दहिसर नदीच्या पुलाजवळ बसले होते, तांबट पक्षी ओरडत होता, टुक टुक टुक, एका लयीत, तांब्याची भांडी ठोकावीत तसं. आणि मग लक्षात आलं की मी बराच वेळ नुसतं तेच ऐकतेय. मधे कोथिंबीर आलीच नाही. एवढंच झालं. पण दीड वर्षात पहिल्यांदा डोक्यातलं मशीन आपोआप थांबलं होतं, मी थांबवलं नव्हतं.

त्यानंतर फेब्रुवारीत काटेसावर बघितली, पूर्ण झाडावर पान नाही आणि लालभडक फुलं, त्यावर पक्ष्यांची गर्दी. मग पांगारा, मार्चमध्ये कुसुंबाची लाल पालवी, ती इतकी लाल असते की लांबून फुलंच वाटतात. मार्चमध्ये कामावर परत गेले पण आठवड्यातले तीन दिवस सकाळी जातेच. झोप सुधारलीय. पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही, अजून शुक्रवारपर्यंत रिकामी होते.

विचारायचं हे की तुम्ही कुणी यातून गेलाय का? पाऊस सुरू झाला, आता बसायला जागा कोरडी मिळत नाही, सोमवारी पार्क बंद असतं, आणि ऑफिसच्या बाजूला तर काचाच काचा आहेत. मुंबईत बाईने एकटीने, काहीही न करता, शांत बसायच्या जागा कुठल्या? मनापासून सांगा.

ओवी७
सावली, रिक्षाच्या रांगेचं वाचून अंगावर काटा आला. माझं रांगेत नाही, बाथरूममध्ये झालं होतं, नळ सुरू ठेवून नुसती उभी.

तुमचं तांबटाचं जे झालं ना त्याला मानसशास्त्रात नाव आहे, सॉफ्ट फॅसिनेशन, म्हणजे मन अलगद गुंतणं. मी कॉलेजात शिकवते म्हणून सांगते. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या जोडप्याने मिशिगन विद्यापीठात यावर आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं, लक्ष दोन तऱ्हेचं. एक आपण ओढून ताणून लावतो, एक्सेल शीट, मुलाचा अभ्यास, गर्दीत पर्स सांभाळणं, आणि ते वापरून वापरून थकतं, जसा स्नायू थकतो. दुसरं आपोआप जातं, पानं हलताना, पाणी वाहताना, ढग सरकताना. त्या दुसऱ्यात असलो की पहिल्याला विश्रांती मिळते. टीव्ही किंवा रील बघताना पण लक्ष आपोआप जातं, पण तिथे ते खेचून घट्ट धरून ठेवलेलं असतं, मोकळं राहत नाही. म्हणून दोन तास रील बघून उठलं की अजूनच पिळून निघाल्यासारखं होतं.

आणि ऑफिसजवळ जागा विचारताय तर महाराष्ट्र निसर्ग उद्यान! धारावी डेपोच्या समोर, मिठी नदीच्या काठाला, बीकेसी पलीकडेच. तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकायचे, डम्पिंग ग्राउंड होतं. त्या कचऱ्याच्या ढिगावर माती घालून झाडं लावत गेले आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी उघडलं. ३७ एकर आहे. आत गेलं की दोन मिनिटांत हॉर्न मागे पडतात. मी सगळ्यात वाईट काळात तिथे जायचे. ज्या जमिनीवर वर्षानुवर्षं सगळ्यांनी आपलं नको ते आणून टाकलं तिथे आज फुलपाखरं आहेत हे बघून मला जे वाटायचं ते मी शब्दांत नाही सांगू शकत.

स्पष्ट_बोलते
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआऊटची जी व्याख्या केली त्यात तो आजार म्हटलेलाच नाहीये, कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे होणारी गोष्ट असं म्हटलंय. म्हणजे मूळ कामात आहे. मग बाईने बरं व्हायला स्वतःचा पगार बुडवून जंगलात जाऊन बसायचं आणि ऑफिसने काहीच बदलायचं नाही? घराचं तर कोणी मोजतच नाही. सरकारचाच २०१९ चा वेळेच्या वापराचा सर्व्हे आहे, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांचे ९७. ही दोनशे मिनिटं आधी सोडवा. झाड बिचारं काय करणार त्यात.

सावली_बोरिवली
स्पष्ट_बोलते, राग नाही, उलट पटलं. मी कामावर परत गेले तेव्हा रात्री साडेआठनंतरचे कॉल बंद करून घेतले, लेखी. ते केलं नसतं तर एव्हाना परत त्याच रांगेत असते. पण एक सांगू? ते मागायची ताकद माझ्यात डिसेंबरात नव्हती. नदीजवळ बसायला लागल्यावर आली. आधी श्वास लागतो, मग भांडता येतं. माझ्यापुरतं तरी असं झालं.

गिरणगावची_लेक
मी चिंचपोकळीला राहते, चाळीत, एक खोली आणि गॅलरी. आईला अर्धांगवायू होऊन चार वर्षं झाली, सगळं अंथरुणात. मी घरूनच शिवणकाम करते. मला नॅशनल पार्क म्हणजे परदेश. अर्धा तास कोण देणार? सकाळी एक ताई आईला आंघोळ घालायला येतात तेवढी चाळीस मिनिटं माझी. पूर्वी त्या वेळात मी बाजार करायचे, कपडे भिजवायचे. डॉक्टरांनी माझं बीपी बघितलं आणि ओरडले, तेव्हापासून त्या चाळीस मिनिटांत राणीच्या बागेत जाते. चालत दहा मिनिटं, तिथे वीस मिनिटं, परत दहा. बुधवारी बाग बंद, त्या दिवशी गॅलरीत.

लोकांना राणीची बाग म्हणजे पेंग्विन वाटतं. मी जाते ती झाडांसाठी. १८६० च्या सुमाराची बाग, तेव्हाची झाडं आहेत अजून. गोरखचिंच आहे, तिच्या खोडाला मिठी मारायला चार माणसं लागतील. कैलासपती आहे, त्याची फुलं खोडालाच येतात आणि वास असा की पाय थांबतात. मधे बागेचं नूतनीकरण करायचं ठरलं तेव्हा ही झाडं जाऊ नयेत म्हणून काही बायकांनीच वर्षानुवर्षं लढून ती वाचवली, मला हे कळलं तेव्हा मी त्या गोरखचिंचेला हात लावून आले.

आणि गॅलरीचं. समोर एक वर्षावृक्ष आहे. संध्याकाळ झाली की तो पानं मिटतो, मळभ दाटून आलं तरी मिटतो. आईचा पलंग आता मी असा फिरवलाय की तिलाही दिसतं. ती बोलू शकत नाही पण पानं मिटायला लागली की माझ्याकडे बघते, म्हणजे दिवा लाव. आमचं दोघींचं घड्याळ आहे ते.

ओवी७
लेक, हे वाचून किती वेळ नुसती बसून राहिले. तुमचं शिवणकामही आणि आईचं सगळंही, कुणी सोबतीला आहे का हो? विपु करा (माझ्या विचारपुशीत लिहा), मी परळलाच असते.

डॉ_मृद्गंध
फिजिशियन आहे, ठाण्यात प्रॅक्टिस. पलंग फिरवला ते अगदी योग्य केलंत. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक पेपर लिहिला होता. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलर कमी लागल्या. फक्त ४६ पेशंट होते, छोटा अभ्यास, पण रुग्णालयं बांधणाऱ्यांचं लक्ष तिथून खिडकीकडे गेलं.

जपानमध्ये १९८२ पासून शिनरिन-योकू चालतं, म्हणजे वनस्नान, पाण्यातलं नाही, जंगलाच्या हवेतलं. इंग्लंडमधला २०१९ चा अभ्यास तर साधारण २० हजार लोकांचा, आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असं जास्त प्रमाणात सांगितलं, एका दमात घालवा की तुकड्यांत, फरक नव्हता. म्हणजे लेक, तुमची वीस वीस मिनिटं सहा दिवस, झाली की १२०. यातही एक आहे की ज्यांची तब्येत मुळात बरी तेच जास्त बाहेर पडत असणार, तेव्हा याला औषध म्हणून डोसच्या हिशोबात धरू नका.

आता जे सांगायला लॉगिन केलं ते. माझ्याकडे "खूप थकले" म्हणून येणाऱ्या बायकांमध्ये कितीतरी जणींचं हिमोग्लोबिन आठ नऊ, म्हणजे बरंच कमी निघतं. थायरॉईड, बी-१२, व्हिटॅमिन डी, साखर, हे आधी तपासा. चाळिशीनंतर पाळी बदलायला लागली की झोप जाते, छातीत धडधडतं, चिडचिड होते, ते बर्नआऊटच्या खात्यात टाकू नका. आणि सुट्टीतसुद्धा, आवडीचं माणूस समोर असतानासुद्धा काहीच बरं वाटत नसेल, दोन आठवड्यांच्या वर असं राहिलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत, चांगले आहेत. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. गोळ्या सुरू असतील तर झाडाखाली बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करू नका, कृपा करून.

मुग्धा_पार्लेकर
+१ डॉक्टर. माझं थायरॉईडचं टीएसएच १४, म्हणजे बरंच जास्त निघालं होतं आणि मी वर्षभर स्वतःला आळशी म्हणत होते.

स्पष्ट_बोलते
एक मुद्दा कोणी बोलतच नाहीये. बाईने बाकावर एकटं बसणं. माझ्या भागातल्या बागेत बसले तर दहा मिनिटांत कोणीतरी विचारतं, कोणाची वाट बघताय? आणि कोणी विचारलं नाही तर बघत राहतं. पुरुष पेपर तोंडावर घेऊन बाकावर आडवा झोपतो, त्याला कोणी विचारत नाही. बाईला बाहेर असायला कारण लागतं, भाजीची पिशवी, मुलाची शाळा, नाहीतर चालायचे बूट. त्यात दुपारी बागा बंद, आणि स्वच्छतागृह असेलच, उघडं असेलच याची खात्री नाही. मग डोकं शांत होणार कसं, ते तर सारखं पहाऱ्यावर.

ओवी७
अगदी. मी यावर काय केलं सांगते. माझी एक मैत्रीण आणि मी, दोघी जातो, पण बोलायचं नाही असं ठरवलंय. शेजारी बसतो, ती तिच्या झाडाकडे, मी माझ्या. दोघी असलो की कोणी विचारत नाही आणि पहाराही वाटून घेतला जातो. बोलायचं ते नंतर चहाला. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं झालं, बायका भेटल्या आणि बोलल्या नाहीत असं कधी झालंय का, पण आता त्या शांततेचीच ओढ लागते.

नॅशनल पार्कात मात्र मुख्य रस्ता आणि माणसांची वर्दळ सोडून आत शिरू नका, अंधार पडायच्या आत बाहेर. बिबट्यांचं घर आहे ते. आणि पिशवीत खाऊ नको, माकडं सोडत नाहीत. मलबार हिलला २०२५ मध्ये झाडांच्या उंचीवरून जाणारी लाकडी पायवाट झालीय, ती सुंदर आहे पण ऑनलाइन स्लॉट काढून जायचं, चालत राहायचं, बसायची जागा म्हणून नाही.

वेसावकरीण
मी कोळीण. सगळे सांगतात समुद्रावर जा, बरं वाटेल. आमच्यासाठी समुद्र म्हणजे कामाची जागा. पहाटे तीनला धक्क्यावर लिलाव, मग टोपली, मग बाजार, दुपारी घरी येऊन सुकवायचं, साफ करायचं. खाऱ्या हवेचा वास आला की मला पैशांचा हिशोबच आठवतो. तुम्हाला ऑफिसची लिफ्ट बघून जे होतं ते मला लाट बघून होतं. कंबर गेली, झोप गेली, गिऱ्हाइकावर खेकसायला लागले तेव्हा मुलगी म्हणाली आई तुला काहीतरी झालंय.

आता १ जून ते ३१ जुलै बंदी असते, यांत्रिक बोटी जात नाहीत. गेल्या वर्षीच्या बंदीत मुलीने सांगितलं म्हणून ओहोटीच्या वेळेला खाडीकडे जाऊन बसायला लागले. तीच खाडी, पण टोपली न घेता. जन्मापासून बघतेय तरी तिवराची मुळं अशी चिखलातून वर बोटं काढल्यासारखी असतात हे नीट बघितलं नव्हतं. निवट्या मासा चिखलावर कसा उड्या मारतो, खेकडे एक नांगी हलवत कसे उभे राहतात, बगळा किती वेळ हलत नाही. आमच्यात कोणी बाई रिकाम्या हाताने बंदरावर बसत नाही. पहिल्यांदा शेजारणी विचारायच्या, काय गं, काय झालं? आता दोघी तिघी येऊन बसतात.

पावसात कुठे बसायचं विचारलंत ना, अहो पावसात भिजत बसा. वाळेल.

एक_वाटसरू
पुरुष आयडी, परवानगी असेल तर बोलतो. माझ्या पत्नीला दोन वर्षांपूर्वी हेच झालं. मी सुरुवातीला लोणावळ्याचं रिसॉर्ट बुक केलं, दोन दिवस. तिथेही मुलांचे कपडे, औषधं, सामान तिनेच भरलं आणि येऊन सगळं तिनेच धुतलं. ती अजून थकली. मग समुपदेशकांनी मला बोलावून विचारलं, ती बाहेर असते त्या अर्ध्या तासात घरात काय होतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून सकाळचे डबे माझ्याकडे. ती शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसते, कधी वीस मिनिटं, कधी तास. ती आल्यावर "काय मग, बरं वाटलं का" हे विचारायचंही बंद केलं, कारण त्याचंही तिला उत्तर द्यावं लागायचं.

गिरणगावची_लेक
वाटसरू, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.
ओवी, विपु केलीय.

मुग्धा_पार्लेकर
सावली, नॅशनल पार्कात २०२४ ला कारवीची झुडपं फुललेली बघितलीत का? आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ ला मी बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) ट्रेलला गेले होते, उतारच्या उतार जांभळे.

सावली_बोरिवली
नाही ना बघितली. २०२४ मध्ये मी तिथून वीस मिनिटांवर राहत होते आणि मला पत्ताही नव्हता. आता थेट २०३२. तेव्हा मी पन्नाशीला येईन. पण गेल्या आठवड्यात पहिल्या मोठ्या पावसानंतर गेले होते, कारवीची पानं इतकी हिरवी झालीत, हात लावला तर खरखरीत लागतात. आठ वर्षांपैकी सात वर्षं ती अशीच असते, फुलं नाहीत, नुसती वाढतेय. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

वेसावकरीण ताई, तुमचं ऐकून छत्री बंद केली आणि भिजले. आणि निसर्ग उद्यानात बुधवारी लंच टाइमला जाऊन आले, ओवी, खरंच दोन मिनिटांत हॉर्न मागे पडतात.

डॉक्टर, रिपोर्ट केले. हिमोग्लोबिन ९.२. गोळ्या सुरू झाल्यात.

स्पष्ट_बोलते
बरं झालं तपासलंत. एक विचारायचं राहिलं, कोथिंबीर आता कोण आणतं?

सावली_बोरिवली
मुलगा. पहिल्या दिवशी मेथी घेऊन आला, दुसऱ्या दिवशी शेपू. सासूबाईंनी त्याला समोर बसवून पानं चुरगळून वास घ्यायला शिकवला. आता बरोबर आणतो.